हळदीचा मांडव

डोंबिवली,
३० मे १९५७

ती. श्रीपादमामांना हेमाचा साष्टांग नमस्कार.

दवाखाना उघडून वर्ष होत आलं आणि तुम्हाला सविस्तर पत्र लिहायला गावात ताप यावा लागला, याचा राग मानू नका. मद्रासला बोटीवरून जो फ्ल्यू उतरल्याचं पेपरात वाचलं, तो आमच्याकडे पोचला आहे. सकाळी धडधाकट कचेरीला गेलेला माणूस संध्याकाळी कुडकुडत परत येतो. दुसऱ्या दिवशी बायको पडते, मग मुलं. डोकं ठणकतं, अंग मोडून येतं, कोरडा खोकला थांबत नाही. बहुतेक जण चार-पाच दिवसांत उठून बसतात. पण म्हातारी माणसं याला 'मानमोडी' म्हणू लागली आहेत, आणि त्या शब्दानेच लोकांचे हातपाय गार पडतात. अठरा सालच्या साथीत ज्यांची घरं ओस पडली ते अजून हयात आहेत.

माझी अडचण वेगळीच आहे. मी गोळी देते, झोपून राहा, पाणी-पेज भरपूर घ्या असं सांगते. लोक विचारतात, "बाई, सुई नाही?" मी नाही म्हटलं की बाजारात हरिहर डॉक्टरांकडे जातात. ते प्रत्येकाला सुई टोचतात. काल एका बाईंनी मला ऐकू जाईल असं सांगितलं, की पुरुष डॉक्टर असता तर त्याने नीट औषध दिलं असतं. मामा, मनात येतं की नुसत्या पाण्याचं एक इंजेक्शन दिलं तर काय बिघडेल? निदान लोक माझ्याकडे टिकतील आणि मी सांगते ते ऐकतील.

मामींना नमस्कार.

तुमची
हेमा


नौपाडा, ठाणे,
१ जून १९५७

चि. हेमास अनेक आशीर्वाद.

पाण्याची सुई देऊ नकोस. बिघडेल ते असं, की घरात आणखी कुणी पडलं की ते लोक पुन्हा सुईच मागतील, आणि ज्याला खरंच लागेल त्याच्यासाठी तुझा शब्द उरणार नाही. आपल्याकडे तापाच्या बाबतीत शब्द हेच निम्मं औषध आहे.

अठरा साली मी शिकत होतो. तेव्हा या रोगाचा जंतू कुणी पाहिलाच नव्हता. आता त्याला व्हायरस म्हणतात, तो साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही इतका बारीक असतो, आणि त्याला मारणारं औषध आजही नाही. पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. रोगी खोकला, शिंकला की उडणाऱ्या तुषारांतून तो दुसऱ्याकडे जातो. म्हणून गर्दी टाळायची, खिडक्या उघड्या ठेवायच्या, भांडी-टॉवेल वेगळे ठेवायचे. बाकीचं काम शरीर करतं, त्याला विश्रांती आणि पाणी मिळालं पाहिजे. दवाखान्यात माणसं कोंडू नकोस. बाक ओट्यावर टाक.

मग पेनिसिलिन कशासाठी जपायचं? व्हायरसने छाती दुबळी केली की मागून दुसरे जंतू शिरतात. ताप उतरून माणूस हिंडू लागतो आणि पुन्हा ताप चढतो, कुशीत कळ येते, श्वास भराभर चालतो, थुंकी गंजासारखी पडते. तो न्यूमोनिया. तिथे क्षणही दवडायचा नाही. म्हातारे, गरोदर बायका आणि आधीच दमेकरी असलेली माणसं यांच्यावर नजर ठेव.

तू या वयात एकटी दवाखाना चालवतेस याचं मला फार कौतुक वाटतं. तुझी मामी तर शेजारणींना सांगत सुटली आहे.

तुझा
मामा


डोंबिवली,
५ जून १९५७

ती. मामांना सा. न.

बाक ओट्यावर टाकला. सुई देत नाही. निम्मे रोगी गेले, निम्मे राहिले. राहिलेले मात्र ऐकतात.

आता नवी काळजी आहे. ठाकुर्लीच्या खाडीकडे एक जुनं आगरी गाव आहे. पूर्वी सगळे मिठागरात राबायचे, भात पिकवायचे. आता रेल्वेला आणि घरांना जमिनी गेल्यामुळे काही घरं सधन झाली आहेत. त्यातले गोपीनाथ हे मोठे. त्यांच्या मुलीचं, बायजाचं लग्न शहाडच्या काळुराम नावाच्या मुलाशी ठरलं आहे. हळद पुढच्याच आठवड्यात. आगऱ्यांची हळद म्हणजे अख्ख्या पंचक्रोशीचं जेवण. अंगणात माडाच्या झापांचा एवढा मोठा मांडव पडलाय की इथल्या शाळेचे सगळे वर्ग त्यात बसतील.

आणि गावात ताप शिरलाय. मांडव घालणारेच दोघे पडले, त्यांना बघायला मला बोलावलं होतं. मी गोपीनाथांना म्हटलं, हळद पुढे ढकला. त्यांनी मला चहा दिला, गाडीवाटेपर्यंत पोचवायला आले, आणि निरोप घेताना एवढंच म्हणाले की आषाढ तोंडावर आहे, आता हुकलं तर चार-सहा महिने मुहूर्त नाही, आणि मुलीकडच्याने मोडता घातला असं होईल.

हेमा


नौपाडा, ठाणे,
७ जून १९५७

चि. हेमास आशीर्वाद.

हाती पैसा आला की माणसं हट्टी होतात, हे मी ठाण्यातही पाहिलं आहे. हे गृहस्थ तुझं ऐकणार नाहीत. त्यांच्या दारात पुन्हा जाऊन स्वतःचा वेळ घालवू नकोस. सरळ कल्याणला मामलेदारांकडे अर्ज कर, साथ आहे म्हणून जेवणावळीला बंदी आणायला लाव. माझी तिथे एक-दोन माणसं ओळखीची आहेत, चिठ्ठी देतो.

आमच्याकडेही खाडीवरच्या मिठागरात ताप आहे असं ऐकतो. मी आता निवृत्त माणूस, तेव्हा घरीच आहे. काळजी नसावी.

मामा


डोंबिवली,
११ जून १९५७

ती. मामांना सा. न.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी गावातूनच परत येत होते. अर्ज केला नाही. त्याची गरज पडली नाही. काय झालं ते सांगते.

मी दारात पुन्हा गेलेच. ओटीवर गोपीनाथ होते आणि शहाडहून काळुराम आणि त्याचे वडील आले होते. वडील म्हणत होते की ताप काय, दर साली येतो. तेवढ्यात आतून गोपीनाथांच्या आई बाहेर आल्या. सखुबाई त्यांचं नाव. साठीच्या असतील, अंगाने काटक, बोलणं मोजकं. सगळ्यांच्या समोर त्यांनी मला विचारलं, "बाय, या मांडवात सगला गाव जेवाला बसला तं काय व्हईल?"

मी जे खरं ते सांगितलं. बहुतेक जण खोकतील आणि बरे होतील. थोडे होणार नाहीत. ते कोण, हे मला आज सांगता येणार नाही.

"आनि नाय बसला तं?"

म्हटलं, ताप तरीही फिरेल, पण सावकाश. एकाच वेळी सगळे पडले तर पाणी द्यायला कुणी उरत नाही.

हे ऐकलं आणि त्या खाली बसल्या. मग सांगू लागल्या. मानमोडीत त्यांचे यजमान आणि दीर एकाच खोलीत पडले होते. त्या स्वतः तापाने उठू शकत नव्हत्या, गोपीनाथ अंगावर पीत होता. गावात दारोदार तेच. पाण्याचा हंडा दाराशी भरलेला होता. तो या माणसांपर्यंत आणायला कुणी नव्हतं. "लोक बोलतान तापानं गेलं," त्या म्हणाल्या. "माझा मानूस तहानेनं गेला. मी बघत व्हते."

गोपीनाथांना हे ठाऊक नसावं. आईकडे बघतच राहिले.

सखुबाई उठल्या आणि व्याह्यांना म्हणाल्या, "लगीन मार्गशिरात. मांडव ऱ्हाऊ दे. तो आता आजाऱ्यांचा."

व्याही चहाला हात न लावता निघून गेले. काळुराम त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेला आणि एकटाच परत आला. सदरा खुंटीला अडकवून त्याने विहिरीवरून पाणी आणायला सुरुवात केली.

मामा, तो मांडव तुम्ही बघायला हवा होता. चारी बाजूंनी वारा, वरून सावली. ज्यांच्या घरी बघणारं कुणी उरलं नाही त्यांना तिथे आणून निजवतात. खाटांत भरपूर अंतर. हळदीच्या जेवणासाठी आणलेल्या मोठ्या टोपांत पेज शिजते, त्यांच्याच आगरातलं मीठ घालून. ज्याचा पेला त्यालाच. खोकताना तोंडावर फडकं. आजारातून उठलेले आणि नीट ताकद आलेले लोकच शुश्रूषा करतात. हे मी एकदा सांगितलं, अंमल सखुबाईंचा. फडक्याशिवाय खोकला तर गोपीनाथांनाही बोलणी बसतात.

ठाकुर्लीच्या रेल्वे चाळीतले एकटे राहणारे कारकूनही तिथे येऊन पडलेत. एक कुळकर्णी पहिल्या दिवशी म्हणत होते की दुसऱ्याच्या हातची पेज चालत नाही. संध्याकाळी सखुबाई पेला घेऊन त्यांच्या उशाशी नुसत्याच बसल्या. ते प्यायले. आता आणखी मागतात.

सगळंच गोड नाही. धोंडीबा म्हणून मिठागरातला म्हातारा होता, छाती आधीच गेलेली. त्याला पेनिसिलिन दिलं, तरी काल गेला. त्याच्या बायकोने मला विचारलं, सुई आधी दिली असती तर वाचला असता का. मी म्हटलं, ठाऊक नाही. तेच खरं आहे.

तुम्ही लिहिलंत तसे गोपीनाथ हट्टी नाहीत. पोरीच्या लग्नाची हौस होती, एवढंच. आता तेच सगळ्यांची अंथरुणं उन्हात टाकत असतात.

हेमा


ठाणे,
१३ जून १९५७

चि. हेमास आशीर्वाद.

मागचं माझं पत्र फाडून टाक. न पाहिलेल्या माणसाबद्दल मी लिहायला नको होतं. गोपीनाथांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्या आईंना दोन.

धोंडीबाच्या बायकोला तू दिलेलं उत्तर मी मामीलाही वाचून दाखवलं. अनेक डॉक्टरांना ते आयुष्यभर देता येत नाही.

आज जास्त लिहीत नाही, टाक नीट चालत नाही. स्वतः वेळेवर जेवत जा.

मामा


ठाकुर्लीजवल,
२० जून

डॉक्टर मामांस गोपीनाथचा रामराम.

मी मराठी सातवी शिकलोय, चूकभूल माफ असावी. माझी आयस शेजारी बसून सांगते, मी लिवतो. तुमची हेमाबाई आजारी हाय. घाबरू नका, पन आजारी हाय. बाई बोलतान मामांना कलवू नका, ते म्हातारे हायेत. आयस बोलते, मामाला कलवला नाय तं आपन मानसं कसली.

झाला असा. आमची बायजा तापातून उठली व्हती, हिंडत व्हती, पेज वाढत व्हती. सोमवारी तिला परत ताप चढला. कुशीत कल, धाप लागली. बाईंना आदले दिवशीपासून थंडी भरली व्हती, ती त्यांनी कोनाला सांगितली नाय. बायजाचे छातीला नली लावली आनि बोलल्या, हाच तो, मामांनी सांगितलेला. सुई भरताना बाईंचा हात कापत व्हता. आयशीनं मनगट धरला, तवा सुई दिली. औशद थोडाच उरला व्हता. काळुराम सायकल घेऊन कल्यानला गेला आनि घेऊन आला. मंग बाई तिथंच खाली बसल्या आनि आडव्या झाल्या.

आता सुई कोन देनार हा सवाल. मी बाजारात हरिहर डॉक्टरांचेकडे गेलो. मला वाटला ते बोलतील, तुमची बाई हाय ना. पन त्यांनी दवाखाना बंद केला आनि माझेबरोबर आले. रोज येतान. बायजाला सुई देतान आनि सगल्या खाटा फिरून बगतान. काल बाईंना बोलले, तुमी सुई दिली नाय ते लोक बिनसुईचे बरे झाले, मी आता बगतोय, तुमचा बरोबर व्हता.

बायजा अजून धापते. पावसानं मांडव गलाय लागला म्हनून सगली मानसं आमचे पडवीत आनि वखारीत आनली. बाई आनि बायजा शेजारी शेजारी निजतान. तुमी काय करायचा ते कलवा.

गोपीनाथ


नौपाडा, ठाणे,
२२ जून १९५७

श्री. गोपीनाथ यांस सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. आपल्या आईंचं म्हणणं बरोबर आहे, कळवलंत हे फार चांगलं केलंत. बायजाचं पेनिसिलिन ताप उतरला तरी लगेच थांबवू देऊ नका. हरिहर डॉक्टर ते जाणतातच. तिला उशांना टेकवून बसतं ठेवा, धाप कमी होईल. हेमाला पेनिसिलिनची गरज नाही. तिला पाणी, पेज आणि सक्तीची झोप द्या. ती उठू पाहील. उठू देऊ नका. तिचा ताप उतरून पुन्हा चढला, तरच डॉक्टरांना तातडीने बोलवा. हरिहर डॉक्टरांना सांगा, ठाण्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरने त्यांना मनापासून नमस्कार सांगितला आहे. दवाखाना बंद करून दुसऱ्याच्या रोग्यांकडे जाणं सोपं नसतं.

श्रीपाद

ता. क. ही ओळ माझी, म्हणजे हेमाच्या मामीची, सुमतीची. वरचं पत्रही मीच लिहिलं आहे, त्यांनी निजून सांगितलं. घरी आहे असं हेमाला कळवून हे रोज मिठागरात जात होते. तिथे दहा तारखेला पडले. टाक बिघडल्याचं लिहिलं तो टाक उत्तम चालतो, हातच चालत नव्हता. आता ताप नाही, पण जिना उतरायचं बळ नाही, तरी काल पत्र वाचताच चप्पल घालून निघाले होते. मीच दार लावलं. हेमाला आमच्याऐवजी तुम्हीच बघा. तुमच्या आईंवर माझा विश्वास आहे.


डोंबिवली,
५ जुलै १९५७

ती. मामा आणि ती. मामींना सा. न.

मी बरी आहे. आजपासून दवाखाना उघडला. मामा, तुम्हाला रागवायचा मला अधिकार नाही, कारण मीही तेच केलं. पण मामींच्या ओळी गोपीनाथांनी मला वाचून दाखवल्या तेव्हा मी उठून बसले आणि सखुबाईंनी मला पुन्हा आडवं केलं.

इतकी वर्षं मी रोग्याला वरून पाहिलं होतं. या वेळी खालून पाहिलं. तापात छत जवळ येतं, तहान लागते आणि तहान लागली हे सांगायचंही त्राण नसतं. मागावं लागायच्या आत पेला ओठांना लागत होता. कधी सखुबाई, कधी काळुराम, एकदा तर कुळकर्णी. मी पुस्तकात 'भरपूर द्रव पदार्थ द्यावेत' असं वाचलं होतं. त्या एका ओळीत किती माणसांचं जागणं असतं, ते मला आता कळलं.

बायजा वाचली. तिचा श्वास सावरला त्या सकाळी हरिहर डॉक्टरांनी नळी कानातून काढली आणि माझ्या हातात दिली. मी निजल्या निजल्या तिची छाती ऐकली. हवा खालपर्यंत जात होती. काळुराम उंबऱ्यात उभा होता. मी मान हलवली तसा तो हंडा उचलून विहिरीकडे निघाला.

त्याचे वडील काल आले होते. पडवीत कोण कोण निजलंय ते बघत हिंडले. जाताना सखुबाईंना म्हणाले, मार्गशीर्ष पक्का. या वेळी चहा घेतला.

हरिहर डॉक्टर आणि मी ठरवलंय की साथ आली की रोगी वाटून घ्यायचे आणि सांगायचं ते दोघांनी एकच सांगायचं. ते अजून सुया जास्त देतात. पण फ्ल्यूला नाही.

हेमा


नौपाडा, ठाणे,
१२ डिसेंबर १९५७

चि. हेमास अनेक आशीर्वाद.

काल हळदीच्या मांडवात तुझ्याशी धड बोलता आलं नाही, तू बायजाच्या मैत्रिणींत होतीस. म्हणून लिहितो. मामीचा गुडघा दुखत असल्यामुळे ती आली नाही, आणि मी तिला आल्यापासून तेच तेच सांगतो आहे.

मी मांडवात कडेला बसलो होतो. काळुराम नवरदेव असूनही मुलीच्या हळदीला आला होता; त्याने मला जागा करून दिली आणि शेजारी बसला. हळद लागण्याआधी सखुबाई मधे येऊन बसल्या, आणि मला कळलं की त्या गावच्या धवलारीण आहेत, लग्नविधीची गाणी म्हणणाऱ्या. त्यांचा आवाज एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. त्या एकेकाला गाण्यातून लग्नाला बोलावू लागल्या. गावदेवीला बोलावलं. खाडीला बोलावलं, मिठागराला बोलावलं. घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी बोलावलं. काळुराम कानाशी म्हणाला, त्यांच्या घरी अशी पद्धत आहे की ज्याला बोलावलं त्याच्या वतीने कुणीतरी 'आलो' म्हणायचं. देवांच्या वतीने मुलं ओरडत होती. सखुबाईंच्या यजमानांच्या वतीने गोपीनाथ 'आलो' म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर तसेच उभे राहिले. मग धोंडीबाचं नाव आलं. त्याची बायको मागच्या रांगेत होती. तिने अगदी हळू, पण म्हटलं.

तुझं नाव आलं, तू लाजलीस, पोरींनी तुझ्या वतीने गिल्ला केला. हरिहर डॉक्टरांचं आलं. मला वाटलं, संपलं.

तेव्हा सखुबाईंनी पुढची ओळ म्हटली. ठाण्याच्या मामाला बोलवा, कागदातून येणाऱ्या मामाला बोलवा.

माझ्या वतीने कोण म्हणणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण मी आलोय हे तिथल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. काळुरामने माझ्याकडे पाहिलं. नगरपालिकेने मला निवृत्तीच्या वेळी हार घातला होता, तेव्हा मी चार वाक्यांचं भाषण केलं होतं. काल मला एकच शब्द बोलायचा होता.

मी काठी टेकून उठलो आणि म्हणालो, "आलो."

तुझा
मामा